रुजूकाळ (सॉफ्टवेअर विकास)

सॉफ्टवेअर विकसक पहिल्या नोकरीत दाखल झाल्यापासून स्वतंत्रपणे कामे पुरी करू लागेपर्यंतचा काळ. उद्योगात यासाठी ‘ऑनबोर्डिंग’ किंवा ‘रॅम्प-अप’ हे शब्द रूढ आहेत. हा काळ कोठे संपतो याबाबत एकमत नाही. नवागताचा पहिला बदल प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या प्रणालीत) गेला की तो संपला, असे काही जण मानतात. परंतु हा बदल पुष्कळदा एखाद्या संदेशातील शब्द सुधारण्याइतका लहान असतो. त्यातून परवानग्या व साधने जुळली एवढेच कळते. मोघम तक्रारीवरून दोषाचे मूळ शोधून तो दुरुस्त करता येणे, ही कसोटी अधिक ग्राह्य वाटते. ती गाठण्यास सामान्यतः काही महिने लागतात.

उगम : ही कल्पना सॉफ्टवेअर उद्योगातून निघालेली दिसत नाही. संघटनेत नवागत कसा सामावतो, यावर एडगर शाइन यांनी १९६८ मध्ये लेखन केले. पुढे जॉन व्हॅन मानेन व शाइन यांनी १९७९ मध्ये सामावून घेण्याच्या पद्धतींच्या सहा जोड्या मांडल्या (उदा., सामूहिक–वैयक्तिक, औपचारिक–अनौपचारिक). सॉफ्टवेअर क्षेत्रात मात्र आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाच्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये नोंदविलेले निरीक्षण अधिक उद्‌धृत होते : रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकविण्यात जाणत्यांचा वेळ जातो आणि परस्परसंवादाच्या जोड्या झपाट्याने वाढतात. पाच जणांत त्या १०, तर दहा जणांत ४५ होतात. हे अतिसुलभीकरण असल्याचे ब्रूक्स यांनीच म्हटले आहे. तरीही रुजूकाळाचा भार एकट्या नवागतावर नसतो, हे त्यातून प्रथम ठळक झाले असे म्हणता येते.

कार्यपरिसर : पहिले दिवस लॅपटॉपवर प्रकल्प चालू करण्यात जातात. एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची पद्धत) किल्ल्यांची जोडी तयार करून त्यांतील फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवायची, रेपॉझिटरी (कोड व त्याच्या बदलांचा इतिहास यांचे भांडार) क्लोन करायची, म्हणजे तिची प्रत आपल्या यंत्रावर घ्यायची, भाषेची नेमकी आवृत्ती बसवायची, एन्व्हायर्नमेंट फाइल (पत्ते, पासवर्ड इत्यादी मांडणीची फाइल) भरायची, डेटाबेसची मायग्रेशन्स (त्याची रचना अद्ययावत करणाऱ्या फाइल) चालवायची आणि कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवून पाहायच्या. शेवटची पायरी गाळल्यास आधीपासून नापास असलेली टेस्ट आपल्याच बदलामुळे बिघडली असे वाटून वेळ वाया जातो. रीडमीमधील (प्रकल्पासोबतच्या माहितीपत्रकातील) सूचना बहुधा जुन्या झालेल्या असतात. जाणते त्या पुन्हा वाचत नाहीत, म्हणून त्यांतील चुका नवागतालाच दिसतात; त्या दुरुस्त करणे हे उत्तम पहिले काम होय.

‘माझ्याकडे चालते, सर्व्हरवर चालत नाही’ याचे एक नेहमीचे कारण फाइलच्या नावात असते. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आणि इम्पोर्टच्या (ती फाइल कोडमध्ये मागविणाऱ्या) ओळीत स्मॉल असेल, तरी विंडोज व मॅकओएसवर ती सहसा सापडते. सर्व्हरवर बहुधा असणाऱ्या लिनक्सवर ती वेगळी फाइल ठरते आणि बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची क्रिया) कोसळते. निव्वळ अक्षराचा आकार बदलल्यास विंडोज व मॅकओएस यंत्रांवरील गिटला (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल जाणवेलच असे नाही, म्हणून नाव ‘गिट एमव्ही’ या आज्ञेने बदलावे.

कोड रिव्ह्यू : मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली औपचारिक तपासणी दोष शोधण्यासाठी होती. आजचा पुल रिक्वेस्टवरील (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवरील) रिव्ह्यू तिच्यापेक्षा सैल असतो, पण नवागताचे सर्वाधिक शिक्षण त्यातूनच होते. एका रिक्वेस्टमध्ये एकच हेतू ठेवावा. दुरुस्तीबरोबर संपूर्ण फाइलचे फॉरमॅटिंग बदलले की खरा फरक शेकडो ओळींत हरवतो आणि परीक्षक वरवर पाहून संमती देतो. रीबेसनंतर (आपले बदल ताज्या कोडवर नव्याने मांडल्यानंतर) फोर्स-पुश, म्हणजे सर्व्हरवरील इतिहास बदलणारा पुश, आपल्याच शाखेवर (कोडच्या स्वतंत्र धाग्यावर) करावा, तोही ‘फोर्स-विथ-लीज’ पर्यायाने. त्यामुळे दरम्यान इतरांनी ढकललेले कमिट (नोंदविलेले बदल) सहसा पुसले जात नाहीत.

मदत : अडल्यास संपूर्ण एरर, आवृत्ती आणि आतापर्यंत केलेले उपाय देऊन टीमच्या सामायिक चॅनेलवर विचारावे, खाजगीत मिळालेले उत्तर पुढच्या नवागताला सापडत नाही. एका प्रसंगात मात्र स्वतः प्रयत्न करत न बसता तत्काळ कळवावे. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) चुकून पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती काढून भागत नाही, कारण इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्यावी लागते. इतिहास साफ करणे त्यानंतरचे.