महाविद्यालयाच्या नावाने पेटंट: फी सवलत, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

उच्च शिक्षण संस्थांमधील संशोधन कपाटात पडून राहू नये म्हणून केंद्र सरकारने 21 सप्टेंबर 2021 पासून या संस्थांना पेटंट फीमध्ये 80 टक्के सवलत दिली. ऑनलाइन अर्जाला 8,000 ऐवजी 1,600 रुपये, परीक्षणाच्या विनंतीला (फॉर्म 18) 20,000 ऐवजी 4,000 रुपये लागतात. 30 पानांनंतर दर पानाला 160 आणि 10 दाव्यांनंतर (दावा म्हणजे शोधातील नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क हवा ते सांगणारे वाक्य) दर दाव्याला 320 रुपये जादा.

पात्र कोण? केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, तसेच सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाची मान्यता असलेली शिक्षणसंस्था. सवलतीसाठी फॉर्म 28 आणि मान्यतेचा पुरावा जोडावाच लागतो. अर्जदार म्हणून प्राचार्य, विभाग किंवा इन्क्युबेशन सेंटर यांचे नाव घालू नका. मान्यतापत्रावर संस्थेचे जे नाव आहे तेच, अक्षरशः तसेच लिहा. पुढे हक्क एखाद्या मोठ्या कंपनीकडे गेले, तर फीमधील फरक भरावा लागतो.

कागदपत्रे: फॉर्म 1 (अर्ज), फॉर्म 2 (तपशील, दावे, आकृत्या), फॉर्म 3 (परदेशी अर्जांची माहिती), फॉर्म 5 (संशोधकांची घोषणा), पेटंट एजंट (संस्थेच्या वतीने अर्जाचे काम पाहणारा) नेमल्यास फॉर्म 26. विद्यार्थी आणि मार्गदर्शक या सर्वांनी हक्क संस्थेला दिल्याच्या सह्या आधीच घ्या. निकाल लागून मुले गावोगावी पांगली की याच सह्यांसाठी अर्ज रखडतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. ऑनलाइन भरताना डिजिटल सही लागते.

सर्वात जास्त नुकसान होते ते घाईच्या तात्पुरत्या तपशिलाने (पूर्ण तपशील तयार होण्याआधी तारीख मिळवण्यासाठी दिलेले शोधाचे वर्णन). समजा, प्रकल्प कांदाचाळीतील आर्द्रता ओळखून पंखा चालवण्याचा आहे. तात्पुरत्या तपशिलात फक्त “सेन्सर बसवलेली चाळ” एवढेच लिहिले आणि 12 महिन्यांच्या आत द्यायच्या पूर्ण तपशिलात पंख्याची नियंत्रणपद्धत आणली, तर त्या भागाला पहिली तारीख, म्हणजे तात्पुरता तपशील दिल्याची तारीख, मिळत नाही. दरम्यान दुसऱ्याने तेच जाहीर केले असेल, तर दावा गेला. म्हणून सेन्सर कुठे, किती उंचीवर, पंखा केव्हा सुरू आणि केव्हा बंद, हे सारे पहिल्याच दिवशी लिहा.

शोधनिबंध, पोस्टर, प्रकल्प प्रदर्शन हे सगळे अर्जानंतरच. पेटंट कायद्याच्या कलम 31 मधील 12 महिन्यांची सूट राजपत्रात अधिसूचित प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमधील प्रदर्शन त्यात बसत नाही.

18 महिन्यांनी अर्ज प्रकाशित होतो. ते पेटंट नव्हे, तरीही मूल्यांकन अहवालात आणि निधीच्या प्रस्तावात ‘पेटंट मिळाले’ असे सर्रास लिहिले जाते, आणि छाननीत प्रस्तावाची विश्वासार्हता तिथेच जाते. परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते (15 मार्च 2024 पासूनच्या अर्जांना ही मुदत आहे). पहिल्या परीक्षण अहवालाला 6 महिन्यांत उत्तर द्यायचे असते. तो एजंटच्या ईमेलवर येऊन पडतो, त्यामुळे पोर्टलवर अर्जाची स्थिती दर महिन्याला संस्थेने स्वतः पाहावी.