तपकिरी वटवाघळांची नावे : कातडीच्या रंगापासून जनुकांपर्यंत

उत्तर अमेरिकेत ‘मोठे तपकिरी’ आणि ‘लहान तपकिरी’ म्हणून ओळखली जाणारी वटवाघळे नावावरून सख्खी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे कुल तेवढे एक आहे, प्रजाती (जवळच्या जातींचे गट) वेगवेगळ्या आहेत.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला ठाऊक असलेली सगळी वटवाघळे व्हेस्पर्टिलिओ या एकाच प्रजातीत घातली आणि त्यांची गणना माणूस व माकडे यांच्या गणात केली. पुढे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने 1779 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र गण मांडला, तरी प्रजातीचे ते ऐसपैस नाव वापरात राहिले. म्हणूनच फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पालिसो द बोव्हा याने 1796 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या तपकिरी वटवाघळाच्या नमुन्याला व्हेस्पर्टिलिओ फस्कस म्हटले आणि अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ ल काँतने 1831 मध्ये जॉर्जियातील लहान तपकिरी वटवाघळालाही त्याच प्रजातीत बसवले. एप्टेसिकस (1820) आणि मायोटिस (1829) ही प्रजातीनामे तोवर सुचवली गेली होती, पण मोठे तपकिरी वटवाघूळ एप्टेसिकसखाली आणि लहान तपकिरी मायोटिसखाली स्थिरावायला एकोणिसावे शतक सरत आले.

वटवाघळे ओळखताना रंगावर विसंबणे मुळातच धोक्याचे होते, कारण तो प्रदेशानुसार बदलतो आणि संग्रहालयात मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांत विटतो. दातांचे तसे नाही. मायोटिसच्या वरच्या जबड्यात सुळ्यामागे दोन इवल्या उपदाढा असतात; एप्टेसिकसमध्ये त्या नसतात. पहिल्याचे दात एकूण 38, दुसऱ्याचे 32. भिंगाखाली कवटी धरली की शंका उरत नाही.

मायोटिसच्या आत मात्र दातही पुरेसे पडले नाहीत. पायांच्या आणि कवटीच्या ठेवणीवरून पाडलेले उपगट 2001 मधील जनुकीय अभ्यासात कोसळले, कारण सारखी ठेवण वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे घडली होती. त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष 2018 मध्ये आला : लहान तपकिरी वटवाघळाच्या उपजाती म्हणून गणलेले पाच समूह या पाच निराळ्या जाती असून त्या एकमेकींच्या सर्वांत जवळच्या नातलगही नाहीत.

ही केवळ नावांची काथ्याकूट नव्हे. न्यूयॉर्क राज्यात 2006 मध्ये प्रथम दिसलेल्या, नाकावर पांढरी बुरशी आणणाऱ्या रोगाने ईशान्य अमेरिकेतील लहान तपकिरी वटवाघळांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटवली, तर मोठ्या तपकिरीला त्याची झळ बरीच कमी बसली. पाच जाती मान्य झाल्या, तर प्रत्येकीचा अधिवास आणि संख्या नव्याने मोजावी लागेल आणि मर्यादित प्रदेशात राहणाऱ्या जातींच्या संरक्षणाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागेल.