भाड्याचं घर आणि लाईट बिल: मालक व भाडेकरू दोघांनी वाचावं असं माहितीपत्रक

सांगलीतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दिवसाआड कुणीतरी बिल हातात धरून येतं आणि म्हणतं, "मीटर फास्ट पळतंय हो, बदलून घ्यायला काय करावं लागेल?" आमच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात मीटर खरंच बिघडलेलं निघालं असं क्वचितच झालंय. वीज कुठेतरी जात असते, आणि ती कुठे जाते हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं. भाड्याच्या घरात तर हे जास्तच. भाडेकरू म्हणतो, पंखा मालकाचा, मी कशाला बदलू? मालक म्हणतो, बिल तो भरतो, मी कशाला खर्चात पडू? या दोघांच्या मध्ये तो जुना पंखा तसाच घरघरत राहतो.

भांडण मिटवायला आम्ही एक सोपी वाटणी सांगतो. घर सोडताना जे काढून टेम्पोत टाकता येतं, ते भाडेकरूने घ्यावं. जे भिंतीत, स्लॅबवर किंवा मीटरच्या पेटीत अडकलेलं आहे, ते मालकाने करावं. पुढचं सगळं याच वाटणीने वाचा.

आधी लाल दिवा बघा

काही विकत घेण्याआधी दहा मिनिटं मीटरसमोर उभे राहा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट पडतं. समजा तुमच्या मीटरवर ३२०० आहे आणि मिनिटात दिवा ८ वेळा लुकलुकला, तर त्या क्षणी घरात १५० वॉट जळताहेत, म्हणजे दोन जुने पंखे. एकेक वस्तू चालू-बंद करून मोजलंत की घरातलं कोण किती खातं ते कळतं.

मग घरातली मेन पूर्ण बंद करा आणि पुन्हा दिव्याकडे बघा. तो थांबायला हवा. पाच-दहा मिनिटं थांबूनही लुकलुकतच राहिला, तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मधे कुणाची तरी वायर जोडलेली आहे.

सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागातल्या एका वाड्यात आम्ही गेलो होतो. वाड्याचे चार भाग केलेले, माडीवर एक बाई आणि त्यांची मुलगी भाड्याने राहायच्या. घरात दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, आणि बिल मात्र पाच माणसांच्या घराचं. मेन पाडली तरी दिवा चालूच. वायर धरत धरत गेलो तर जिन्यातला बल्ब, बोळातला बल्ब आणि खालची पाण्याची मोटर, तिन्ही या बाईंच्या मीटरवर! मालक प्रामाणिक माणूस, त्यांनाही ठाऊक नव्हतं. वडिलांच्या काळात कुणा वायरमनने जवळचं टोक बघून जोड मारला होता. तासाभरात लाईन मालकांच्या मीटरवर घेतली. जुन्या वाड्यात आणि एकाचे तीन ब्लॉक केलेल्या बंगल्यात हे सर्रास सापडतं, म्हणून घर घेतानाच ही तपासणी करा.

ताबा घेता त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक ऑनलाईन टाकून आधीच्या भाडेकरूची थकबाकी नाही ना, तेही बघून घ्या.

एका मीटरवर किती बिऱ्हाडं?

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वीज आकाराचा दर दुपटीच्या पुढे जातो. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, एकदा वाचा.

आता तीन बिऱ्हाडं धरा, प्रत्येकी ९० युनिट. तिघांची मीटरं वेगळी असतील तर २७० च्या २७० युनिट स्वस्त दरात. तिघं एकाच मीटरवर असतील तर १०० स्वस्तात आणि १७० महाग दरात. पंखे तेच, बल्ब तेच, तरी बिल वाढलं. मालक सबमीटर (आपल्या मीटरच्या पुढे प्रत्येक बिऱ्हाडाला लावलेलं खाजगी मीटर) बसवून सरसकट "युनिटला १२ रुपये" घेतो तेव्हा त्याला नावं ठेवली जातात, पण पुष्कळदा त्याचंही बिल तसंच आलेलं असतं.

ब्लॉकला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र वायरिंग असेल तर वेगळं मीटर मागता येतं. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो असं म्हटलंय. व्यवहारात मालकाची लेखी संमती लागतेच. मात्र प्रत्येक मीटरचा स्थिर आकार, म्हणजे वीज जळो न जळो दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, वेगळा भरावा लागतो. वरच्या ९० युनिटच्या हिशेबात तो भरूनही पैसे वाचतात. विश्रामबागेत वालचंद-विलिंग्डन कॉलेजच्या मुलांना ज्या एकेक खोल्या दिल्या जातात, जिथे महिन्याला पंचवीस-तीस युनिटही जळत नाहीत, तिथे वेगळ्या मीटरने उलट तोटा होईल. अशा ठिकाणी सबमीटरच बरा, फक्त दर ठरवताना त्या महिन्याच्या एकूण बिलाला एकूण युनिटने भागा आणि जो येईल तो घ्या. कागद मुलांना दाखवा, कटकट राहत नाही.

पंखा, पट्टी, फ्रिज

जुना छताचा पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॉट घेतो. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा नवा पंखा) तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. दिवसाला १४ तास धरले तर जुना महिन्याला ३१ युनिट खातो, नवा १२-१३. पंख्याची किंमत अडीच ते साडेतीन हजार, आणि तुम्ही सबमीटरला १२ रुपये भरत असाल तर वर्ष-सव्वा वर्षात पैसे सुटतात. घर सोडताना मालकाचा पंखा परत टांगायचा आणि आपला खोक्यात घालून न्यायचा. जुना पंखा माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा, कारण "पंखा कुठाय?" यावरून डिपॉझिट अडकलेलं आम्ही पाहिलंय. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. तो लाईनमधून काढून थेट बटणावर घ्यावा लागतो, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि आतलं सर्किट जातं.

एवढा खर्च नको असेल तर निदान तो जुना चौकोनी, हात लावला की गरम लागणारा रेग्युलेटर बदला. तो पंख्याचा वेग कमी करतो आणि उरलेली वीज स्वतः गरम होण्यात घालवतो.

चोकवाली ट्यूबलाईटची पट्टी चोकसकट ५५ वॉटच्या आसपास जाते, एलईडी पट्टी २० वॉट. यावर जास्त लिहीत नाही, बहुतेकांनी बदलल्यात.

फ्रिज बहुधा मालकाचा आणि बहुधा जुना. दार लावताना मधे दहाची नोट धरा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय. रबर काही शेकड्यांत बदलून मिळतं. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागची जाळी तापते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही.

एक गोष्ट आम्ही विकत नाही आणि विकणारही नाही: प्लगमध्ये खोचायचा "बिल निम्मं करणारा" डबा. आत एक कंडेन्सर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, त्यावर या डब्याचा काही परिणाम होत नाही.

अंघोळीचं पाणी

हिवाळ्यात एक बादली पाणी अंघोळीपुरतं तापवायला साधारण पाव ते तिसरा हिस्सा युनिट लागतं. गिझर कुठल्याही कंपनीचा असो, पाण्याला तेवढी उष्णता द्यावीच लागते. फरक पडतो तो टाकीचा गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला की. अंघोळीआधी लावा, नंतर बटण बंद करा. थर्मोस्टॅट ५० वर आणा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर दोन वर्षांतून एकदा कॉईल काढून क्षार खरवडून घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॉटचा, म्हणजे १३ अँपिअर ओढतो; तो ६ अँपिअरच्या प्लगमध्ये अडॅप्टर लावून चालवू नका. हा पॉईंट नीट करून देणं मालकाचं काम.

स्लॅब आणि पत्रा

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, रात्री अकरालाही छताला हात लावला तर ऊब लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत धग सोडतो आणि पंखा तीच हवा फिरवतो. गावभागातल्या जुन्या घरांना माळा असायचा, कौलांची धग माळ्यातच अडकायची. आताच्या ब्लॉकना ती सोय नाही.

उपाय स्वस्त आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात द्या. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरतं. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावं लागतं. पांढरं कोटिंग महाग पडतं पण काही वर्षं टिकतं. मालकाने करावं असं हे काम, पण मालकाला विचारून एका रविवारी भाडेकरूनेच चुना मारला आणि मालकाने चुन्याचे पैसे दिले, असंही आमच्या ग्राहकांत झालंय. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा बांधा, ऊन काचेच्या बाहेरच अडतं.

कूलर १५० ते २०० वॉटवर चालतो आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो, फक्त हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा. पाऊस लागला की त्याचा उपयोग संपला. एसी असेल तर २४ वर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी मुळात २४ वरच सुरू होतात, आपणच ते खाली आणतो.

मालकांसाठी

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, त्यांनी त्यानंतर बोर्ड उघडून बघितले का? वरून रंग दिला जातो, आत स्क्रू गंजलेले आणि जोड काळे पडलेले असतात. याने बिलात फार फरक पडणार नाही हे खरं सांगतो, पण शॉक आणि आग इथूनच लागते. जोड नवे करा, अर्थिंग तपासा आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे घराची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे, आणि भाडं थकलं म्हणून लाईट तोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

गच्ची तुमची असेल तर सोलरचा विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. फायदा ज्याच्या नावचं मीटर त्याच्या बिलात दिसतो, म्हणून भाडेकरूच्या ब्लॉकचा वाटा कसा धरायचा ते आधी ठरवा आणि अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ लिहा. त्याच कागदावर सबमीटरचा दर आणि पंपाचं बिल कुणाकडे, हेही येऊ द्या.

इंग्लंडमध्ये विजेच्या आणि उष्णतेच्या बचतीत खालच्या दोन श्रेणींत बसणारं घर काही अपवाद सोडले तर भाड्यानेच देता येत नाही. २०१८ मध्ये नव्या करारांना आणि एप्रिल २०२० पासून जुन्यांनाही हा नियम लागला. आपल्याकडे तसं बंधन नाही, त्यामुळे दोघांनी बसून बोलण्यावाचून इलाज नाही.

दुकानात येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं, नसतील तर एकाच बिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणा. मेन बंद केल्यावर लाल दिवा थांबला की नाही, तेवढं घरून बघून या. मालक आणि भाडेकरू दोघं मिळून आलात तर फार बरं. खुर्च्या दोनच आहेत, आम्ही उभे राहू.