जान्श, बर्ट

जान्श, बर्ट : (३ नोव्हेंबर १९४३–५ ऑक्टोबर २०११). स्कॉटिश गायक, गीतकार व गिटारवादक. पूर्ण नाव हर्बर्ट जान्श. जन्म ग्लासगो येथे. बालपण मात्र एडिंबरोत गेले. घराण्याचे पूर्वज व्हिक्टोरियन काळात हॅम्बुर्गहून स्कॉटलंडमध्ये येऊन स्थायिक झाले होते. १९६० नंतरच्या ब्रिटिश लोकसंगीत-पुनरुज्जीवनात गिटारला केवळ साथीचे वाद्य न ठेवता गाण्याइतकेच बोलते करणाऱ्यांत डेव्ही ग्रॅहम यांच्याबरोबरीने जान्श यांचे नाव घेतले जाते. एकल वादक म्हणून आणि ‘पेंटँगल’ या वाद्यवृंदाचे सदस्य म्हणून त्यांनी केलेल्या कामाचा ठसा लोकसंगीतापेक्षाही रॉक संगीतावर अधिक खोल उमटला, असे म्हणण्यास जागा आहे.

शाळा सोडल्यावर जान्श काही काळ रोपवाटिकेत कामाला होते. ऑगस्ट १९६० मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ संगीत धरले. एडिंबरोतील ‘द हाउफ’ हा लोकसंगीत-क्लब ही त्यांची खरी शाळा. तेथेच ते मुक्कामाला असत आणि क्लबची राखणही करीत. लोकगायक आर्ची फिशर, तसेच डेव्ही ग्रॅहम यांची सावत्र बहीण जिल डॉइल, या दोघांकडून त्यांना बिग बिल ब्रून्झी, ब्राउनी मगी, वुडी गथ्री या अमेरिकन ब्लूज (कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) व लोकगायकांचे संगीत ऐकायला मिळाले. पुढे ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’मुळे प्रसिद्ध झालेले रॉबिन विल्यमसन हे याच काळातले त्यांचे खोलीमित्र. स्वतःची गिटार चोरीला गेल्याने पुढची काही वर्षे जान्श उसन्या गिटारींवरच क्लबोक्लबी वाजवत राहिले. साधारणपणे १९६३ ते १९६५ या दरम्यान मिळेल त्या वाहनाला हात दाखवत त्यांनी युरोप पालथा घातला. ते मोरोक्कोपर्यंत पोहोचले; टँजिअर येथे आमांशाने आजारी पडल्यावर त्यांना मायदेशी परतावे लागले.

पहिला अल्बम बर्ट जान्श (१९६५) हा ध्वनिमुद्रक बिल लीडर यांच्या लंडनमधील कॅम्डन येथील राहत्या घरी साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाला. ती फीत ट्रान्सअटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीने १०० पौंडांना विकत घेतली. पुढे या अल्बमच्या सुमारे दीड लाख प्रती खपल्या असे सांगतात. त्यातील ‘नीडल ऑफ डेथ’ हे हेरॉइनमुळे दगावलेल्या एका मित्रावरील गीत. कॅनेडियन गायक-गीतकार नील यंग यांच्या ‘अँब्युलन्स ब्लूज’ (१९७४) या गाण्याची चाल त्याच्याशी मिळतीजुळती आहे आणि यंग यांनी स्वतः ते ऋण मान्य केले आहे. याच अल्बमवर जान्श यांनी ग्रॅहम यांची ‘अँजी’ ही रचनाही वाजवली.

‘ब्लॅकवॉटरसाइड’चा वाद : जान्श यांच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती या एका गाण्याची, आणि ती सविस्तर नोंदवणे आवश्यक आहे. ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे आयर्लंडमध्ये प्रचलित असलेले पारंपरिक प्रेमगीत. फसवल्या गेलेल्या मुलीची तक्रार हा त्याचा विषय. लोकसंगीत-संशोधक ए. एल. लॉइड यांच्याकडून ते गायिका ॲन ब्रिग्ज यांच्याकडे आणि ब्रिग्ज यांच्याकडून जान्श यांच्याकडे आले, ही परंपरा सर्वसाधारणपणे मान्य आहे. ब्रिग्ज अशी गाणी बहुधा बिनसाथीने गात. जान्श यांनी त्या मोकळ्या चालीभोवती गिटारची स्वतंत्र सुरावट रचली. गळा एका वाटेने जातो, खालच्या तारेवरचा अंगठा दुसऱ्या वाटेने, आणि मधल्या तारांवर एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा येत राहते. हे रूप जॅक ओरायन (१९६६) या अल्बमवर प्रथम प्रसिद्ध झाले. हा अल्बम जवळजवळ संपूर्णपणे पारंपरिक सामग्रीवर आधारलेला आहे.

१९६९ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ ही वाद्यरचना आली. श्रेय एकट्या जिमी पेज या त्यांच्या गिटारवादकाला दिलेले होते. विराम जसानी यांनी वाजवलेल्या तबल्यामुळे या रचनेला भारतीय रंग चढला असला, तरी गिटारचा आराखडा जान्श यांच्या साथीशी इतका जुळतो, की साम्य योगायोगाने आले असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. मतभेद आहे तो ते पेज यांच्यापर्यंत कसे पोहोचले याविषयी. पेज जान्श यांचे निस्सीम चाहते होते आणि ध्वनिमुद्रिका ऐकूनच त्यांनी ते उचलले, असे एक मत. दुसरे मत स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गायक अल स्ट्यूअर्ट यांच्या सांगण्यावर आधारलेले आहे. स्ट्यूअर्ट जान्श यांचे कार्यक्रम नेमाने ऐकत. त्यांनी ही साथ आपल्या परीने बसवली आणि १९६६ मध्ये आपल्या पहिल्या एकगीत-मुद्रिकेवर पेज वाजवायला आले असता त्यांना ती दाखवली.

तारा लावण्याच्या पद्धतीवरून या दुसऱ्या मताला पुष्टी मिळते. जान्श यांनी फक्त सहावी, म्हणजे सर्वांत खर्जातील तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवली होती. याला गिटारवादक ‘ड्रॉप डी’ म्हणतात. स्ट्यूअर्ट यांचा समज मात्र असा झाला, की जान्श ‘डी-ए-डी-जी-ए-डी’ (खर्जापासून क्रमाने सहा तारांचे सूर) या पद्धतीने तारा लावतात. ही पद्धत ग्रॅहम यांनी १९६० नंतर मोरोक्कोतील ऊद या अरबी तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवता यावे म्हणून रूढ केली होती, असे मानले जाते. पेज यांची रचना नेमकी याच ‘डी-ए-डी-जी-ए-डी’मध्ये आहे. केवळ मुद्रिका ऐकून शिकणाऱ्यालाही ही पद्धत सुचू शकते, हे खरे. तरीही ऐकण्यातील एक चूक हातोहात पुढे गेली, हा खुलासा अधिक सयुक्तिक वाटतो.

ट्रान्सअटलांटिकने कायदेशीर सल्ला घेतला. पेज यांनी जान्श यांचे वादन ऐकले असण्याची शक्यता दाट आहे, असे सल्लागारांचे मत पडले. पण मूळ चाल पारंपरिक असल्यामुळे जान्श यांचे मुद्रण ही त्यांची स्वतंत्र मालमत्ता ठरते, हे सिद्ध करणे शक्य दिसेना. दावा दाखल झाला नाही. लोकगीत सर्वांचे असते, हे कबूल. परंतु त्यावर रचलेली साथ ही एका माणसाची निर्मिती असते आणि येथे ती निर्मिती जान्श यांचीच आहे, याबद्दल गिटारवादकांत दुमत नाही.

वादनशैली : जान्श उजव्या हाताच्या बोटांनी, मिजराबाशिवाय वाजवत. तार नुसती छेडण्याऐवजी ती बोटाने वर खेचून सोडण्याची त्यांची सवय होती. त्यामुळे तार पट्टीवर आपटून टणत्कार उमटतो आणि संथ गाण्यातही अंगावर येणारी धार राहते. ब्लूजमधील तार ओढून सूर चढवणे, डाव्या हाताच्या बोटांनीच तार ठोकून वा उपटून पुढचा सूर काढणे आणि स्कॉटिश-आयरिश चालींतील मुरक्या ही सारी अंगे त्यांच्या हातात एकजीव झाली. लयीच्या बाबतीत ते गाण्याच्या शब्दांना अनुसरत. ओळ लांबली तर मात्रा वाढवायची, संपली तर तोडायची, हा त्यांचा शिरस्ता होता आणि त्यांच्याबरोबर वाजवणे म्हणूनच सोपे नव्हते. आवाज खरखरीत, काहीसा अंतर्मुख. काही समीक्षकांना तो मर्यादित वाटला, पण गिटारपासून तो वेगळा काढून तपासणे योग्य नव्हे.

पेंटँगल : जॉन रेनबर्न यांच्याबरोबर बर्ट अँड जॉन (१९६६) हा दोन गिटारींच्या संवादाचा अल्बम केल्यावर १९६७ मध्ये जान्श, रेनबर्न, गायिका जॅकी मक्शी, डबल बासवादक डॅनी टॉम्पसन आणि ड्रमवादक टेरी कॉक्स यांनी ‘पेंटँगल’ स्थापन केला. टॉम्पसन व कॉक्स जॅझकडून आलेले, इतर तिघे लोकसंगीतातून. त्यामुळे या वाद्यवृंदाला ‘फोक-रॉक’ हे लेबल पुरते बसत नाही. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील ‘हॉर्सशू’ या ठिकाणी त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम नियमित होत. बास्केट ऑफ लाइट (१९६९) हा अल्बम ब्रिटिश विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातील ‘लाइट फ्लाइट’ हे बीबीसीच्या एका रंगीत दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत होते. पाच, सात आणि सहा मात्रांच्या तुकड्यांतून ते फिरत जाते, तरी ऐकणाऱ्याला हिशोब जाणवत नाही. क्रुएल सिस्टर (१९७०) या अल्बमची एक संपूर्ण बाजू ‘जॅक ओरायन’ या एकाच दीर्घ कथागीताने व्यापली आहे. १९७३ च्या आरंभी वाद्यवृंद फुटला.

त्यानंतरच्या कामांपैकी अमेरिकन संगीतकार मायकेल नेस्मिथ यांनी निर्मिलेला एल. ए. टर्नअराउंड (१९७४) आणि ॲव्होसेट (१९७९) हे दोन अल्बम श्रेष्ठ होत. दुसऱ्यातील सर्व रचना शब्दरहित असून प्रत्येकीला पक्ष्याचे नाव आहे. टॉम्पसन यांचा बास आणि मार्टिन जेंकिन्स यांचे मँडोसेलो (मोठे, खर्जातील मँडोलिन), फिडल व बासरी यांच्या संगतीत येथे जान्श यांची गिटार सर्वाधिक मोकळी वाटते. १९८० नंतरच्या दशकात पेंटँगल वेगवेगळ्या संचांत पुन्हा वाजू लागला. जान्श यांचे मद्यपान वाढत गेले होते; १९८७ मध्ये स्वादुपिंडाच्या गंभीर आजाराने ते रुग्णालयात दाखल झाले आणि त्यानंतर त्यांनी दारू सोडली.

व्हेन द सर्कस कम्स टू टाउन (१९९५) पासून त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा बहर मानतात. क्रिम्झन मून (२०००) वर ‘द स्मिथ्स’ व ‘स्वेड’ या रॉक वाद्यवृंदांचे अनुक्रमे जॉनी मार व बर्नार्ड बटलर, तर द ब्लॅक स्वॉन (२००६) वर गायिका बेथ ऑर्टन हे तरुण पिढीचे कलावंत त्यांच्याबरोबर आहेत. २००१ मध्ये बीबीसी रेडिओ २ चा लोकसंगीतातील जीवनगौरव पुरस्कार आणि २००७ मध्ये एडिंबरोच्या नेपियर विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट त्यांना मिळाली. २००९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान होऊनही २०१० व २०११ मध्ये नील यंग यांच्या अमेरिका दौऱ्यांत त्यांनी प्रारंभीचे वादन केले. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पेंटँगलच्या मूळ पाच सदस्यांसह झालेला कार्यक्रम हा त्यांचा अखेरचा. दोन महिन्यांनी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. दफन हायगेट दफनभूमीत.