मॉडेल बंद झालं, मशीन चालूच आहे: आता काय करायचं?

(जुने पीएलसी म्हणजे मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे युनिट, आणि पॅनेल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

जळगाव एमआयडीसीतले चटई-पाइपचे एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून आकार देणारी मशीन), खान्देशातल्या दालमिल आणि जिनिंग यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पॅनेल आजही रोज चालतात. मशीन ठणठणीत असतं, पण त्यातलं कार्ड कंपनीने बनवणं कधीच थांबवलेलं असतं. सिमेन्सचा एस७-३०० पीएलसी घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो फेज-आउटमध्ये, म्हणजे हळूहळू बंद करण्याच्या टप्प्यात, गेला. सुटे भाग २०३३ पर्यंत. हे आधी माहीत असलं तर निवांत ठरवता येतं. ब्रेकडाऊन झाल्यावर कळलं, तर मिळेल ते जुनं कार्ड सांगतील त्या भावाने घ्यावं लागतं.

म्हणून आधी यादी करू. आपल्या मेंटेनन्सवाल्यांनी प्रत्येक पीएलसी, ड्राइव्ह आणि डिस्प्लेच्या नेमप्लेटचा फोटो पाठवावा. नुसतं मॉडेल पुरत नाही. पूर्ण ऑर्डर नंबर आणि व्हर्जन दिसलं पाहिजे. कोणता माल अजून बनतो, कोणता फक्त स्पेअर म्हणून मिळतो आणि कोणता पूर्ण बंद झाला, हे आम्ही यादीत भरून देतो. कोणतं मशीन बंद पडलं की अख्खी लाईन थांबते, हे मात्र आपल्यालाच ठाऊक. तो रकाना आपण भरायचा.

यादीसोबत बॅकअप घ्या: पीएलसीचा प्रोग्राम, पासवर्ड, ड्राइव्हचे पॅरामीटर. बऱ्याच जुन्या पीएलसीत प्रोग्राम रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) असतो आणि लिथियम बॅटरीवर टिकतो. सप्लाय बंद असताना बॅटरी संपली की प्रोग्राम गेला. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलेलं नसेल तर बॅटरी पीएलसीचा सप्लाय चालू ठेवूनच बदला.

स्पेअर ड्राइव्ह कपाटात ठेवला म्हणजे काम झालं, असं नाही. वर्षभराहून जास्त पडून राहिला तर त्याचे कपॅसिटर रिफॉर्म करावे लागतात, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत द्यायचं. थेट ४१५ व्होल्ट दिले तर कपॅसिटर फुटू शकतो. उष्णताही त्यांची वैरीण: दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, पॅनेलच्या आत त्याहून जास्त. पॅनेलचा पंखा आणि फिल्टर एप्रिलच्या आधी बघाच.

एक्स्ट्रूडरची डीसी मोटर काढून एसी मोटर आणि व्हीएफडी (एसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवताना चुका ठरलेल्या असतात. पंपासाठीच्या रेटिंगचा ड्राइव्ह स्वस्त पडतो, पण एक्स्ट्रूडरला कमी स्पीडलाही पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो. हेवी ड्यूटीच घ्या. त्या स्पीडला मोटरचा स्वतःचा पंखा पुरत नाही, वेगळा ब्लोअर लागतो. एखाद्या मशीनवर जुनीच एसी मोटर ठेवून व्हीएफडी लावणार असाल आणि केबल ५० मीटरच्या पुढे असेल, तर आउटपुट चोक (ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये लावायची कॉइल) टाळू नका, नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं.

जिनिंगवाल्यांनी हे काम कापसाचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्याआधी काढावं. जुनं पॅनेल लगेच भंगारात देऊ नका: त्यातली चालू कार्डं काढून, तपासून, आपल्याच दुसऱ्या लाईनसाठी स्पेअर म्हणून नोंदवून देऊ.