ईश्वराची सर्वशक्तिमत्ता

ईश्वराला अशक्य असे काहीच नाही, या श्रद्धेचा नेमका अर्थ काय लावावा यासंबंधीचा तात्त्विक वाद. ईश्वर स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड निर्माण करू शकेल का, हे त्यातील सर्वपरिचित कोडे. उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, सामर्थ्याला कुठेतरी मर्यादा पडतेच. जे आत्मविरोधी आहे ते ‘शक्य’ या सदरातच मोडत नाही, म्हणून ते न करता येणे हे दौर्बल्य नव्हे, अशी भूमिका तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनसने घेतली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मात्र १६३० मधील पत्रांत गणिताची सत्येही ईश्वराच्याच इच्छेने ठरली, म्हणजे तीही त्याला बांधत नाहीत, असे मांडले.

भारतात हा वाद दगडापेक्षा कर्माभोवती फिरला आणि त्यामुळे तो माणसाच्या दुःखाच्या अधिक जवळ गेला. जगात एवढी विषमता असताना ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरत नाही का, या आक्षेपाला वेदान्ताचा मूलग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) तो जीवांच्या कर्मानुसार सृष्टी करतो असे उत्तर आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे होतात ते आपापल्या बीजामुळे. नाशिक जिल्ह्यात मात्र या दृष्टान्ताची कसोटी लागते. निफाडकडे ऐन काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला, की साखर भरलेले द्राक्षमणी तडकतात आणि घड सडू लागतात. तेथे दोष ना वाणाचा असतो, ना शेतकऱ्याच्या मशागतीचा. कर्मवादी त्याचे कारण पूर्वजन्मात शोधतो, पण मग कर्माच्या हिशेबाबाहेर न जाणाऱ्या ईश्वराला सर्वशक्तिमान का म्हणावे, हा प्रश्न उरतोच. सेवेप्रमाणे वेतन देणाऱ्या राजाचे राजेपण त्यामुळे कमी होत नाही, असे वेदान्ती म्हणतात. जैन आणि मीमांसक (वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) नेमके उलट टोक धरतात: कर्मच फळ देण्यास समर्थ असेल, तर सृष्टिकर्त्याची गरजच नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील बौद्धांची आणि म्हसरूळजवळच्या चांभारलेण्यांतील जैनांची परंपराही सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही.

कर्माच्या उत्तराने ईश्वर दोषमुक्त होतो, पण दोष सोसणाऱ्याच्याच माथी येतो. जन्मजात उच्चनीचतेचे समर्थनही याच तर्काने केले गेले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे सत्याग्रहींसाठी बंद होते, आणि ते माणसांनी बंद केले होते.