होलाशोवित्से

होलाशोवित्से : चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया भागातील एक लहान खेडे. चेस्के बुड्येयोवित्से या शहराच्या पश्चिमेला सुमारे १५ किमी.वर, ब्लान्स्की लेस डोंगररांगेच्या जवळ. लोकवस्ती जेमतेम दीडशे. गावाला स्वतःचा कारभारही नाही, तो यांकोव्ह या शेजारच्या गावाकडे आहे. तरीही युनेस्कोने १९९८ मध्ये याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गावाचा उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो. १२९२ मध्ये बोहेमियाचा राजा दुसरा वेन्सेस्लॉस याने ते विश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी-पंथाच्या मठाला दिले आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मठाकडेच राहिले. १५२० ते १५२५ दरम्यान प्लेगने गाव ओस पाडले. फक्त दोन माणसे वाचली, असे सांगतात. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मनभाषक शेतकरी आणून वसवले. त्यामुळे १८९५ मध्येही येथे १५७ जर्मन आणि अवघे १९ चेक राहत होते.

घरे बदलली, माणसे बदलली. गावाचा आराखडा मात्र मध्ययुगातलाच राहिला. मधोमध सुमारे २१० मी. लांब व ७० मी. रुंद हिरवळीचा चौक, त्यात तळे, लोहाराचे घर आणि चॅपेल (छोटे प्रार्थनाघर). चौकाभोवती तेवीसेक शेतकरी-वाडे, सगळ्यांच्या त्रिकोणी दर्शनी भिंती चौकाकडे तोंड करून. एका बाजूला राहते घर, दुसऱ्या बाजूला धान्याचे कोठार, दोहोंना जोडणारे कमानदार दार. आत अंगण, गोठा, मागे खळ्याची मोठी इमारत, त्यापलीकडे परसबाग. आज दिसणारे वाडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. गवंड्यांनी शहरी चर्च आणि हवेल्यांवरची बरोक (सतराव्या-अठराव्या शतकांतील अलंकृत युरोपीय शैली) वळणे, वेलबुट्ट्या व कोनाडे चुन्याच्या गिलाव्यात उतरवले आणि फिक्या रंगांनी उठावदार केले. अनेक भिंतींवर बांधणीचे सालही कोरलेले दिसते. या शैलीला ‘शेतकऱ्यांचे बरोक’ म्हणतात. नावात किंचित थट्टा असली, तरी प्रमाणाची जाण इथल्या गवंड्यांना शहरी कारागिरांइतकीच होती.

चौकातले चॅपेल १७५५ चे, नेपोमुकच्या संत जॉनचे. १३९३ मध्ये राजाज्ञेने व्ल्टावा नदीत बुडवलेला हा धर्मगुरू १७२९ मध्ये संत घोषित झाला. बोहेमियात त्याच्या मूर्ती पुलांवर आणि पाण्याकाठी जागोजाग आढळतात. येथेही शेजारी तळे आहेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन रहिवाशांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि गाव दुसऱ्यांदा रिकामे झाले. साम्यवादी राजवटीत कित्येक वाडे बंदच पडून होते. याच दुर्लक्षामुळे जुने पाडून नवे बांधण्याची वेळ आली नाही, हे मान्य करावे लागते. १९९० पासून डागडुजी सुरू झाली, गावात पुन्हा माणसे राहू लागली. वाड्यांत आज कुटुंबे राहतात. एका वाड्यात जुनी शेती-अवजारे मांडलेली आहेत. जुलैत हस्तकलेची जत्रा भरते, तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते.

गावाबाहेरच्या शेतात उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे. पर्यटक त्याला प्रागैतिहासिक समजून फोटो काढतात. प्रत्यक्षात ते एकविसाव्या शतकातले असून, वारसा-नोंदीशी त्याचा काही संबंध नाही.